पहिलीच्या वर्गात टॅब हवा की माती? लहान मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञानाचं नेमकं काम काय?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की माहितीपत्रकांवर काही शब्द हमखास दिसतात. स्मार्ट क्लास, डिजिटल बोर्ड, रोबोटिक्स लॅब, पहिलीपासून कोडिंग. नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर या भागांत राहणाऱ्या पालकांना तर हे शब्द पाठ झालेले असतात. शब्द वाढतात तशी फीही वाढते.

पण सहा-सात वर्षांच्या मुलाला स्क्रीनवरून नेमकं काय मिळतं? ‘करून शिकणं’ आणि ‘तंत्रज्ञान’ या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा वर्गात काय घडायला हवं? आणि शाळेत गेल्यावर पालकांनी काय विचारावं? समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का आला?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. त्यात शालेय शिक्षणाची ५+३+३+४ अशी नवी रचना आहे. पहिली पाच वर्षं, म्हणजे वय ३ ते ८, हा ‘पायाभूत स्तर’. पूर्वप्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी त्यात येते. या स्तरावर खेळ, कृती आणि शोध यांतून शिकवावं, असं धोरण सांगतं.

त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची साहित्यपेटी आली. तिच्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या, गोष्टींची पुस्तकं आहेत. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गापासून नव्या धोरणाची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली.

गंमत अशी की धोरण मुलाच्या हातात बाहुली आणि ठोकळे देतंय, आणि जाहिरात टॅब देतेय. पालक या दोघांच्या मध्ये उभे आहेत.

‘करून शिकणं’ ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. आणि तिची एक मोठी गोष्ट नागपूरच्या शेजारीच घडली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती आणि पुढे ‘नई तालीम’ उभी राहिली. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं, हा तिचा गाभा होता. टकळीवर किती सूत निघालं हे मोजताना गणित आपोआप येतं, असा तो विचार.

अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्यांच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने कागद अशा वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खुद्द नागपुरात ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ भरतो. महापालिकेच्या शाळांतली मुलं साध्या, स्वस्त वस्तूंतून केलेले प्रयोग तिथे येणाऱ्यांना स्वतः समजावून सांगतात. ही मुलं पहिलीपेक्षा मोठी असतात, पण मुद्दा तोच आहे. प्रयोगासाठी महागडी लॅब लागत नाही.

मग तंत्रज्ञान कुठे येतं?

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं. शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी प्राथमिकच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकता येते, व्हिडिओ पाहता येतो, गृहपाठ मिळतो. पुढे राज्यानं ही कल्पना स्वीकारली. आज बालभारतीच्या पुस्तकांवर दिसणारे कोड ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावर घेऊन जातात. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, गावातल्या मुलांना ज्याची अडचण होती तिथेच तंत्रज्ञान लावलं गेलं. आधी गरज, मग साधन. अनेक स्मार्ट क्लासमध्ये हा क्रम उलटा होतो. बोर्ड आधी येतो, आणि त्यावर काय दाखवायचं ते नंतर शोधलं जातं.

लहान मुलांच्या वर्गात तंत्रज्ञान चार कामं चांगली करतं. पहिलं, जे घडलं ते नोंदवून ठेवणं. दुसरं, डोळ्यांना न दिसणारं मोठं किंवा वेगवान करून दाखवणं. तिसरं, आपल्या निरीक्षणाची दुसऱ्याच्या निरीक्षणाशी तुलना करणं. चौथं, आपलं काम इतरांना सांगणं. या चारही कामांत मुलानं आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. नुसता व्हिडिओ पाहण्यात यातलं काहीच घडत नाही.

प्रत्यक्ष वर्गात हे कसं दिसेल?

धरमपेठेतली एखादी शाळा फारसा खर्च न करता करू शकेल असे तीन प्रकल्प पाहू.

१. पाऊस मोजणारी बाटली

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे शाळा आणि पाऊस जवळपास एकत्रच येतात. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली घ्यायची. बाईंनी तिचा वरचा भाग कापायचा आणि तोच उलटा करून गाळण्यासारखा बसवायचा. तळ खडबडीत असतो, म्हणून थोडे खडे टाकून ठरावीक खुणेपर्यंत आधीच पाणी भरायचं. ती खूण म्हणजे शून्य.

पहिलीच्या मुलांना मिलिमीटर कळत नाही. काही बिघडत नाही. रोज सकाळी खुणेच्या वर जितकं पाणी चढलं, तितक्याच उंचीची कागदी पट्टी कापायची आणि भिंतीवर तारखेखाली चिकटवायची. मग पाणी पुन्हा खुणेपर्यंत कमी करायचं. पंधरा दिवसांत भिंतीवर स्तंभालेख तयार होतो, तोही ‘स्तंभालेख’ हा शब्द न शिकवता. जिथे पट्टी नाही, तो दिवस कोरडा.

तंत्रज्ञान यात नंतर येतं. बाई मोबाइलवर हवामान खात्याचा नागपूरचा आकडा दाखवतात. मुलांचा अंदाज आणि खात्याचा आकडा जुळला नाही, तर प्रश्न आपोआप पडतो. असं का झालं? बाटली झाडाखाली होती का? विमानतळाकडे जास्त पडला आणि इकडे कमी, असं होऊ शकतं का?

हा प्रश्न नागपूरकरांसाठी पुस्तकी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शहरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. म्हणजे १०० मिलिमीटरला प्रत्येक चौरस मीटरवर १०० लिटर. ज्या मुलानं बाटलीतलं बोटभर पाणी स्वतः मोजलंय, त्याला हा आकडा मोठेपणी नुसती बातमी वाटणार नाही.

२. मुगाचा सिनेमा

ओल्या कापसावर मूग ठेवायचे. त्याआधी प्रत्येक मुलानं चित्र काढायचं: आधी काय बाहेर येईल, पान की मूळ? मग मोबाइल एकाच जागी, एकाच वेळी ठेवून रोज एक फोटो. आठवड्याने ते फोटो भराभर दाखवले की मूग हलताना दिसतो. आधी मूळ बाहेर येतं, हे मुलं स्वतः पाहतात आणि आपल्या चित्राशी ताडून बघतात. इथे कॅमेऱ्यानं डोळ्यांना न जमणारं काम केलं. हाच व्हिडिओ इंटरनेटवरून तयार दाखवला असता, तर अंदाज बांधण्याचा आणि चुकण्याचा भागच गेला असता.

३. ट्रॅफिक पार्क आणि स्क्रीनशिवाय कोडिंग

धरमपेठेतलं चिल्ड्रन्स ट्रॅफिक पार्क बहुतेक नागपूरकर मुलांनी पाहिलेलं असतं. शाळेच्या पटांगणात खडूनं चौकोन आखून तसेच रस्ते आणि सिग्नल काढायचे. एक मूल ‘रोबो’ होतं. बाकीची मुलं बाणांची कार्डं ओळीनं मांडतात: दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. रोबोनं कार्डावर असेल तेवढंच करायचं. तो फुटपाथवर चढला, तर कुठलं कार्ड चुकलं ते शोधायचं. कोडिंगचा गाभा एवढाच आहे: सूचना क्रमानं देणं आणि चूक शोधून सुधारणं.

ही कल्पना सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाची आठवण करून देते. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात एक ‘कासव’ सूचनांप्रमाणे चालत रेषा काढायचं. कासव कसं वळेल हे कळत नसेल, तर मुलानं स्वतः कासव होऊन चालून पाहावं, असं पॅपर्ट सुचवायचे. त्याच परंपरेतून पुढे ‘स्क्रॅच’ आणि २०१४ मध्ये ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ आलं. ते मोफत आहे आणि वाचता न येणारं मूलही चित्रांचे ठोकळे जोडून ते वापरू शकतं. पटांगणातला खेळ झाल्यावर तेच काम टॅबवर दिलं, तर टॅबचा खरा उपयोग होतो.

स्क्रीन किती वेळ चालेल?

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २ तासांपेक्षा कमी स्क्रीन असावी. यात घरचा टीव्ही आणि मोबाइलही आला. म्हणजे शाळेनं स्क्रीनवर घालवलेला प्रत्येक मिनिट याच हिशेबातून जातो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालानंही शिक्षणात तंत्रज्ञान हे मुलाच्या शिकण्यासाठी आणि शिक्षकाला पूरक म्हणून असावं, त्याची जागा घेण्यासाठी नसावं, अशी भूमिका घेतली.

वरच्या तीनही प्रकल्पांत स्क्रीन दिवसाला पाच-दहा मिनिटं पुरते, आणि बहुतेक वेळा एका वर्गाला एकच मोबाइल.

अडचणी नाहीत का?

आहेत. एका बाईंकडे पन्नास मुलं असतील तर पन्नास बाटल्या सांभाळणं शक्य नाही. अशा वेळी सहा-सात मुलांचा गट करून एका गटाला एक बाटली देता येते. दुसरी अडचण पालकांचीच आहे. ‘आज वहीत काहीच लिहिलं नाही’ ही तक्रार आली की शिक्षक पुन्हा पाटी-पुस्तकाकडे वळतात. तिसरी म्हणजे पालकांनीच रात्री जागून केलेला थर्माकोलचा ‘प्रोजेक्ट’. तो दिसायला सुबक असतो, पण मुलानं त्यात फार तर डिंक लावलेला असतो.

शाळेत जाल तेव्हा काय विचाराल?

‘स्मार्ट क्लास आहे का?’ याऐवजी हे प्रश्न विचारून पाहा.

• गेल्या महिन्यात पहिलीच्या मुलांनी स्वतः काय मोजलं, उगवलं किंवा बनवलं?
• स्क्रीन दाखवण्याआधी आणि नंतर मुलं काय करतात?
• मुलांचा अंदाज चुकला तर पुढे काय होतं?
• टॅब किंवा रोबोटिक्सचं साहित्य एका मुलाच्या हातात आठवड्यात किती वेळ येतं?
• भिंतीवर लावलेलं काम मुलांचं आहे की बाईंचं?

उत्तरं ठोस मिळाली, तर शाळेत प्रोजेक्टर नसला तरी फारसं बिघडत नाही. उत्तरादाखल फक्त लॅब उघडून दाखवली गेली, तर तिथल्या खोक्यांवर धूळ आहे का, तेही बघून घ्या.

आणि शाळेची वाट पाहायची गरज नाही. संत्र्यांचा हंगाम असेल तेव्हा गोकुळपेठ बाजारातून डझनभर संत्री आणा. सोलण्याआधी मुलाला विचारा, आत किती फोडी असतील? प्रत्येक संत्र्याच्या फोडी मोजून कागदावर तेवढे ठिपके काढायला सांगा. सगळ्यांत सारख्याच निघतात का, ते बघू द्या. शेवटी त्या कागदाचा फोटो काढून आजी-आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्यांच्याकडच्या संत्र्यात किती निघाल्या ते विचारा. मोबाइलचं काम तेवढंच. बाकीचं मुलाच्या हातांनी झालेलं असेल.