डावी कूस जळजळीसाठी, पोट साफ होण्यासाठी नव्हे

जेवणानंतर डाव्या कुशीवर पडावे, म्हणजे अन्न जिरते आणि सकाळी पोटही साफ होते, असा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. एका दमात सांगितल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी शरीराच्या दोन निराळ्या भागांच्या आहेत, आणि त्यांच्यामागचा पुरावाही सारखा नाही. छातीतली जळजळ आणि घशाशी येणारे आंबट पाणी यांवर डावी कूस खरोखर उपयोगी पडते. बद्धकोष्ठावर ती उपयोगी पडते असे मानायला मात्र आधार नाही. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात हा भेद नीट कळणे फार गरजेचे आहे. इथली कितीतरी माणसे हद्दीपलीकडे उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत पाळीवर जातात, काही २०१३पासून डहाणूपर्यंत येऊ लागलेल्या लोकलने मुंबईची वाट धरतात. परतायला उशीर, जेवायला त्याहून उशीर, आणि हात धुतले की अंथरूण. झोपण्याआधी तीन तास जेवून घ्या, हा वैद्यकीय सल्ला बरोबर असला तरी त्यांच्या दिवसात तो बसत नाही.

अन्ननलिका जठराला वरच्या बाजूस, उजव्या कडेने येऊन मिळते आणि जठराचा फुगीर भाग तिच्या डावीकडे राहतो. डाव्या कुशीवर झोपले की हा फुगीर भाग खाली जातो, आम्ल त्यात साठते आणि अन्ननलिकेचे तोंड त्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर तेच तोंड आम्लात बुडते. तिथली स्नायूंची झडप घट्ट असेल तर फारसे बिघडत नाही; पण भरपेट जेवण, तंबाखू, ताडी किंवा दारू यांनी ती सैल पडते. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी ५७ जणांच्या अन्ननलिकेतले आम्ल आणि झोपेतली कूस एकाच वेळी रात्रभर नोंदवली. हा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ल वर येण्याच्या वेळा कुशीनुसार फारशा बदलल्या नाहीत. बदलला तो आम्ल पुन्हा खाली जायला लागणारा वेळ: डाव्या कुशीवर साधारण ३५ सेकंद, पाठीवर ७६, उजव्या कुशीवर ९०. जागेपणी लाळ आणि गिळण्याची क्रिया अन्ननलिका धुऊन काढतात. झोपेत दोन्ही जवळजवळ थांबतात, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षणाला इतके महत्त्व येते.

झोपेत माणूस कूस बदलतोच, मग ठरवून डावीकडे झोपण्यात काय अर्थ, असा आक्षेप येतो. त्याच संशोधकांनी तोही तपासला. शंभर रुग्णांच्या छातीवर छोटे यंत्र लावले. निम्म्यांच्या यंत्राने उजव्या कुशीवर वळल्यावर हलकी थरथर होई, उरलेल्यांचे यंत्र नावापुरते होते. उपचार यशस्वी ठरला तो खऱ्या यंत्राच्या गटात ४४ टक्क्यांमध्ये, दुसऱ्या गटात २४ टक्क्यांमध्ये. म्हणजे उपाय खरा आहे, पण निम्म्याहून अधिक जणांना त्याने पुरेसा आराम पडला नाही, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप असा की उजव्या कुशीवर जठर लवकर रिकामे होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांवरच्या प्रयोगांत तसे दिसले आहे, पण त्याच प्रयोगांत उजव्या कुशीवर दूध वर येण्याचे प्रमाणही वाढले. (तान्ह्या बाळाला झोपवायचे ते पाठीवरच, इथले काहीही त्याला लागू करू नये. हृदय कमजोर असलेल्या काहींना डावी कूस सोसत नाही, त्यांनीही हट्ट धरू नये.) डॉक्टर पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करायला सांगतात. तो उपायही चांगला, पण ज्या घरात सारे जण जमिनीवर चटई टाकून झोपतात तिथे उंच करायला पलंगच नसतो, आणि नुसत्या उशीने मान उचलली जाते, अन्ननलिका नाही. अशा घरात बिनखर्चाची डावी कूस हाच हाताशी असलेला उपाय आहे.

आता आतड्याकडे. मोठे आतडे उजवीकडे खालून वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. तेव्हा डावीकडे झोपल्यावर मळ आपोआप पुढे सरकेल, असे चित्र रंगवले जाते. ते पटण्याजोगे दिसते, पण आतडे तसे चालत नाही. दिवसभर आपण उभे असतो तेव्हाही उजव्या बाजूचा मळ चढावरच जातो, आणि अंतराळात वजनरहित अवस्थेतही यात्रींचे शौच होते. मळ पुढे ढकलतात ते आतड्याचे स्नायू. चोवीस तास आतड्यातला दाब मोजणाऱ्या प्रयोगांत दिसले की झोपेत हे स्नायू मंदावतात, जाग येताच चाळवतात, आणि काही खाल्ल्यावर पुन्हा जोर धरतात. एनिमा देताना रुग्णाला डावीकडे झोपवतात, आयुर्वेदातली बस्तीही तशीच दिली जाते, हे खरे. पण ती सोय बाहेरून आत जाणाऱ्या द्रवाची आहे, रात्रीच्या झोपेची नाही.

शौचाच्या बाबतीत शरीराची ठेवण महत्त्वाची असते ती बसण्याची. इस्रायलमधल्या, २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २८ जणांना उकिडवे बसून सरासरी ५१ सेकंद लागले, उंच कमोडवर १३०. उकिडवे बसल्याने गुदमार्गाचा बाक सरळ होतो. गावातले साधे शौचालय या बाबतीत कमोडपेक्षा सरस आहे. आहारात नागलीची भाकरी, डाळ, भाज्या आणि २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू असे चोथा देणारे पदार्थ इथेच मिळतात. खरी अडचण वेळेची आहे. ज्याला पहाटे चहा घेऊन गाडी गाठायची असते, त्याच्या आतड्याला कळ येते ती रस्त्यात किंवा यंत्रापाशी. ती दाबली की मळातले पाणी शोषले जाते, तो कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर आतड्याला ठरलेली वेळच सापडत नाही. अशा कामगाराला डाव्या कुशीवर झोपायला सांगून पाठवणे म्हणजे त्याच्या दुखण्याला चुकीचे औषध देणे. त्याला हवीत घरून निघण्याआधी काही खाऊन शौचाला बसता येईल अशी पंधरा मिनिटे, आणि पाळीच्या मध्ये मोकळेपणाने जाता येईल असे स्वच्छ शौचालय. कारखान्यात पुरेशी शौचालये असावीत, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिलेले होते.