हॉल तिकिटावरचा तिसरा चेहरा

‘नीट’चा अर्ज भरायचा म्हटलं की सगळ्याच मुलांना एक अट लागू होते: पार्श्वभूमी पांढरी हवी आणि दोन्ही कान दिसायला हवेत. कानांचा हा आग्रह वरवर कटकटीचा वाटतो, पण फोटोतली लबाडी पकडायला तेच कान कामी येतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये सीबीआयने नागपूरच्या एका शैक्षणिक मार्गदर्शन संस्थेवर गुन्हा दाखल केला. डमी उमेदवार बसवता यावेत म्हणून फोटोंचं ‘मॉर्फिंग’ केलं जात होतं, असा एक आरोप त्यात होता.

मॉर्फिंगमध्ये मूळ विद्यार्थी आणि त्याच्या जागी बसणारा डमी अशा दोघांच्या चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांच्या कडा अशा खुणा नेमतात, त्या एकमेकींवर जुळवतात आणि रंग निम्मे-निम्मे मिसळतात. तयार होणारा तिसरा चेहरा धड कुणाचाच नसतो, तरी दोघांशीही जुळतो. केंद्रावर डमी खपतो आणि प्रवेशाच्या वेळी मूळ विद्यार्थीही.

तपासणाऱ्याला हे दिसत नाही का? ब्रिटनमधील रॉबर्टसन, क्रॅमर आणि बर्टन यांनी २०१७ मध्ये हेच तपासलं. काहीच कल्पना नसलेल्या लोकांनी असे निम्मे-निम्मे फोटो ६८ टक्के वेळा खरे मानले. मॉर्फिंगची माहिती देऊन सावध केल्यावर हेच प्रमाण २१ टक्क्यांवर आलं.

शोधायचं कुठे? केस आणि कान नीट जुळवणं अवघड, म्हणून कच्च्या कामात तिथे दुहेरी, धूसर कडा उरतात. बुबुळांभोवती आणि नाकपुड्यांपाशीही तसंच. हुशार कारागीर मात्र फक्त मधला चेहरा मिसळतो. केस आणि कान एकाचेच ठेवतो. मग कान समोरच्या माणसाच्या कानाशी ताडून पाहावा लागतो.

पण २०१९ मध्ये क्रॅमर आणि सहकाऱ्यांनी सफाईदार मॉर्फ दाखवले, तेव्हा प्रशिक्षणाचाही उपयोग झाला नाही. याचं एक कारण आपल्या नजरेतच आहे. ओळखीचा माणूस आपण अंधूक फोटोतही ओळखतो. अनोळखी चेहरे जुळवताना मात्र चांगला फोटो असूनही फसतो. परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला तर सगळेच अनोळखी.

तेव्हा नुसती नजर तयार करून भागणार नाही. उमेदवाराने घरून आणलेला फोटोच घ्यायचा नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो काउंटरवरच काढतात. तिथे मिसळलेला चेहरा आत शिरायला वावच राहत नाही.