चाळिशीचं भिंग

वाचायच्या चष्म्याला आपल्याकडे ‘चाळिशी’ म्हणतात. वयाचंच नाव वस्तूला मिळालं. म्हणून की काय, ती लावायला माणसं कचरतात. माझी अम्मी घरी शिवणकाम करायची. पंचेचाळिशीच्या सुमारास सुईत दोरा ओवायला ती आम्हा मुलांना हाका मारू लागली. मग बारीक काम घेणंच तिनं सोडलं. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो,’ असं शेजारणींनी सांगितलं होतं. अशी पाच वर्षं गेली.

तिच्या डोळ्यांत नेमकं काय बदललं होतं?

आपण ‘नजर टाकतो’ म्हणतो, जणू डोळ्यातून काही बाहेर पडतं. युक्लिडसारखे ग्रीक पंडितही तसंच मानत. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैसमनं ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात दाखवलं, की वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून आपल्याला दिसतं.

सुईच्या प्रत्येक बिंदूवरून किरण चहूकडे पसरतात. चित्र स्पष्ट हवं, तर एका बिंदूचे किरण डोळ्याच्या पडद्यावर पुन्हा एकाच बिंदूत जमायला हवेत. हे जमवण्याचं काम भिंगाचं. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, काचेत सुमारे २ लाख. वेग बदलतो तिथे तिरपा किरण वळतो. बहिर्गोल भिंगात कडेचे किरण जास्त वळतात, मधला सरळ जातो, आणि सारे एका जागी भेटतात.

आरसा किरणांना परतवतो. सपाट आरशातून परतलेले किरण आरशामागून आल्यासारखे वाटतात, म्हणून आपला चेहरा तिथे भासतो. अंतर्गोल आरसा मात्र भिंगासारखे किरण गोळा करतो.

घरी करून पाहा. अंधाऱ्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर +२ नंबरची चाळिशी धरा आणि थोडी मागेपुढे करा. भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र उमटेल. डोळ्याच्या पडद्यावरही चित्र असंच उलटं पडतं. मेंदू ते समजून घेतो.

जवळचं पाहताना डोळ्यातलं मऊ भिंग अधिक फुगीर होतं. वयानुसार ते ताठर होत जातं. मग जवळच्या वस्तूचे किरण पडद्यावर जमत नाहीत, आणि माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरतो. चष्म्याची काच तेवढं उरलेलं वळण पुरवते. भिंग ताठर होतं ते वयानं. चष्मा लावा किंवा लावू नका, नंबर वाढायचा तो वाढतोच.

अखेर अम्मीनं चाळिशी घेतली. पहिल्याच दिवशी स्वतः दोरा ओवला आणि म्हणाली, “पाच वर्षं फुकट घालवली रे!”

मित्रहो, पेपर धरलेला हात लांब जाऊ लागला असेल, तर डोळे तपासून घ्या. तिच्यासारखी वर्षं घालवू नका.