वराहज्वराचे नाव व साथीचे नियंत्रण : धारणीच्या भाषिक परिस्थितीच्या संदर्भात

वराहांच्या साथीच्या रोगाचा विचार सामान्यतः पशुवैद्यकशास्त्राच्या कक्षेत होतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या रोगावर औषध नाही आणि ज्याची लस आपल्या देशात वापरात नाही, त्याचे नियंत्रण मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून राहते : पाळणाऱ्याने वेळेवर खबर देणे, जनावरांची व मांसाची ने-आण थांबविणे, आणि रोग शिरलेला कळप नष्ट करणे. या तिन्ही गोष्टी प्रथम शब्दांनीच घडतात. शब्द चुकला की उपाय चुकतो. प्रस्तुत लेखात आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाच्या निमित्ताने या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

१. रोग व त्याची नावे

पूर्व आफ्रिकेतील केनिया वसाहतीत गोऱ्या वसाहतवाल्यांची डुकरे एका तीव्र ज्वराने मरू लागली. माँटगोमेरी याने १९२१ मध्ये त्या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. युरोपात ‘स्वाइन फीव्हर’ या नावाचा एक रोग आधीच परिचित होता. नवा रोग लक्षणांनी त्याच्यासारखाच दिसे, म्हणून त्याला ‘आफ्रिकन’ हे विशेषण लागले आणि पुढे जुन्यास ‘क्लासिकल’ हे विशेषण लावावे लागले. वस्तुतः हे दोन विषाणू एकमेकांचे दूरचेही आप्त नाहीत. एक डीएनए विषाणू आहे, दुसरा आरएनए विषाणू. जुन्या रोगावर भारतात लस उपलब्ध आहे. ती नव्या रोगास मुळीच अडवीत नाही.

जुन्या रोगाचे अमेरिकेतील नाव ‘हॉग कॉलरा’. त्याचा पटकीशी काहीही संबंध नव्हता. १८८५ मध्ये सामन व स्मिथ यांनी आजारी डुकरांत एक जिवाणू शोधला व तोच रोगाचे कारण होय असे मानले. १९०३ मध्ये द श्वाइनिट्स व डॉर्सेट यांनी खरे कारण गाळणीतून पार होणारा विषाणू आहे हे दाखविले. तरी त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात ‘कॉलरा’ व ‘वराह’ हे दोन्ही शब्द आजही नांदत आहेत. ज्ञान सुधारले तरी नाव सुधारतेच असे नाही, हे यावरून दिसते.

नवा रोग १९५७ मध्ये पोर्तुगालला, २००७ मध्ये जॉर्जियाला व २०१८ मध्ये चीनला पोहोचला. भारतात त्याची निश्चिती २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात झाली. २०२२ मध्ये तो केरळातील वायनाडमध्ये आणि मध्य प्रदेशातील रीवा येथेही आढळला. तीव्र ज्वर, अन्न सोडणे, कान व पोट लालसर-जांभळे पडणे, गर्भपात, आणि बहुधा काही दिवसांतच मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. तीव्र स्वरूपात कळपातील जवळजवळ सर्व जनावरे दगावू शकतात. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

२. नावातील घोटाळा

हे शेवटचे विधान लोकांस पटविणे सर्वांत कठीण जाते, आणि त्याचे कारण भाषिक आहे. २००९ मध्ये मानवी इन्फ्लुएन्झाची जी साथ आली तिला ‘स्वाइन फ्लू’ हे नाव मिळाले. भारतातील तिचा पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. ‘स्वाइन’ हा इंग्रजी शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो माणसाच्या आजाराचे नाव म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २००९ च्या अखेरीसच ते नाव वापरणे सोडले. मराठी वृत्तपत्रांनी मात्र ते सोडले नाही. इजिप्तमध्ये तर याच सुमारास सुमारे तीन लक्ष डुकरे मारण्याचा हुकूम निघाला, वास्तविक साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती. कैरोतील कचरा वेचणारे लोक ही डुकरे पाळीत आणि शहराचे उष्टे-खरकटे त्यांना घालीत. डुकरे गेली, तसे खरकटे रस्त्यांवर साचू लागले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या मानवी रोगांच्या नावांत देश, प्राणी किंवा व्यक्ती यांचा उल्लेख टाळावा असे मार्गदर्शन केले, त्यामागे असे अनुभव होते.

तेव्हा ‘स्वाइन फीव्हर’ या नावाची सूचना ऐकणारा मनुष्य तिचा अर्थ ‘स्वाइन फ्लू’च्या आठवणीतून लावण्याचा संभव मोठा आहे. डुकरे पाळणाऱ्या कुटुंबाविषयी शेजाऱ्यांच्या मनात भय उत्पन्न झाले, की ते कुटुंब आजार लपविते. लपविलेला आजार बाजारात जातो.

३. धारणी : तीन भाषांचा प्रदेश

अमरावती जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मेळघाटात, धारणी तालुका आहे. येथील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुलातील असून त्या कुलाची ती अगदी पश्चिमेकडील शाखा होय. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातही ती बोलली जाते. घरात कोरकू, बाजारात बहुधा हिंदी, शाळेत व कचेरीत मराठी, अशी सर्वसाधारण वाटणी आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात रानडुकरे आहेत आणि त्यांनाही हा रोग होतो. २०२३ च्या आरंभी तमिळनाडूतील मुदुमलाई येथे रानडुकरे याच रोगाने मेली. साथ मेळघाटाच्या जंगलात शिरल्यास वाघाच्या भक्ष्याचाही प्रश्न उभा राहील.

अशा ठिकाणी सरकारी सूचनेतील शब्द कसे ऐकले जातील, याची तीन उदाहरणे घेता येतील.

पहिला शब्द ‘बाधित क्षेत्र’. २०२० च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार रोगस्थानाभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे संसर्गित क्षेत्र व दहा किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र ठरविले जाते. कचेरीच्या मराठीत पहिल्याला ‘बाधित क्षेत्र’ म्हणतात. बोलीत ‘बाधा’ ही भुताची होते. ‘क्षेत्र’ या शब्दालाही मेळघाटात ‘कोअर’ व ‘बफर’ यांची, म्हणजे बंदीची व पुनर्वसनाची, आठवण चिकटलेली आहे. ‘या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील डुकरे’ असे सरळ म्हटले तर हा घोटाळा टळतो.

दुसरा शब्दप्रयोग ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट’. यातून जनावर मारावयाचे, पुरावयाचे, की विकले तरी चालेल, हे कळत नाही. वस्तुतः नेमके हेच कळणे आवश्यक असते. कारण हा विषाणू मांसात महिनोन्‌महिने टिकतो आणि न उकळलेल्या खरकट्यातून नव्या कळपात शिरतो.

तिसरे उदाहरण सर्वनामाचे. मराठीत ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यासह, ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. कोरकूतही हा भेद आहे, इतकेच नव्हे तर तेथे द्विवचनही आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये मात्र तो भेद नाही. मराठी आदेश हिंदीच्या वाटेने कोरकूत गेला, तर ‘डुकरे मारू’ यातील कर्ता कोण, हे वाटेतच हरवते. पशुसंवर्धन खात्याची माणसे मारणार की मालकाने स्वतः मारावयाची? हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. नुकसानभरपाई सरकारी आदेशाने मारलेल्या जनावरांसाठी असते. मालकाने स्वतःच मारून पुरले, तर तिच्यावर त्याला हक्क सांगणे कठीण होईल.

४. उपाययोजनेची दिशा

लक्षणांवरून दोन वराहज्वर वेगळे ओळखता येत नाहीत. निदान प्रयोगशाळेतच होते आणि अंतिम निश्चिती भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. म्हणून पाळणाऱ्याकडून रोगाचे नाव अपेक्षिणेच चूक आहे. त्याला विचारावयाचे ते दिसणाऱ्या गोष्टींविषयी : डुकराने खाणे केव्हा सोडले, कान लाल झाले काय, किती दिवसांत किती मेली, बाहेरून नवे जनावर केव्हा आणले. हे प्रश्न कोरकूत आधीच तयार असावेत, आणि ते मराठीवरून थेट केलेले असावेत. भाषांतर झाल्यावर दुसऱ्या कोरकूभाषकाने ते पुन्हा मराठीत करून दाखवावे, म्हणजे अर्थ कोठे गळला ते साथीपूर्वीच कळेल.

सूचनेत पहिले वाक्य ‘हा आजार माणसाला होत नाही’ हे असावे आणि दुसरे नुकसानभरपाईविषयीचे. बंदीची वाक्ये त्यानंतर यावीत. पहिले डुकरू मेल्यापासून दवाखान्यात खबर पोहोचेपर्यंत जो काळ जातो, त्यावरच किती कळप वाचणार हे पुष्कळसे ठरते. तो काळ कमी करणे हे जितके पशुवैद्याचे काम आहे, तितकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.