उलटे ऋतू आणि सूर्यास्ताचा नियम

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास सुरू होतो, तेव्हा महाराष्ट्रात पाऊस स्थिरावलेला असतो. साधू-साध्वी एका जागी मुक्काम करतात, अनेक घरांत पालेभाजी वर्ज्य होते आणि दुकान वेळेत आवरून मंडळी दिवस मावळण्यापूर्वी जेवायला बसतात. याच सुमारास, जुलैच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे दुसरे सत्र उघडते. पुण्या-सांगलीच्या पेठेतून मेलबर्नला गेलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत करतो तो ऐन हिवाळा.

पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. जून-जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि दक्षिण गोलार्ध दूर जातो. मेलबर्नमध्ये जूनच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो. सूर्य सकाळी साडेसातनंतर उगवतो आणि सायंकाळी पाच वाजून गेल्यावर लगेच मावळतो. डिसेंबरात मात्र दिवस पावणेपंधरा तासांपर्यंत वाढतो आणि सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो.

रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्याची कसोटी येथेच लागते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळून न्याहारी करावी, तर सव्वाआठ उलटून जातात आणि नऊचा तास गाठायचा असतो. सायंकाळी वर्ग सुटण्यापूर्वीच सूर्य मावळतो. मग डबा दुपारी चारच्या सुट्टीत, ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर उघडावा लागतो. शेजारचे मित्र त्या वेळी कॉफी पीत असतात; त्यांना हे जेवण चमत्कारिक वाटते. ‘येथे कोण पाहणार आहे?’ हा प्रश्न मनात डोकावतो तोही अशाच एखाद्या थंड सायंकाळी.

या प्रश्नाचे उत्तर व्रताच्या स्वरूपातच आहे. चौविहाराचा नियम घड्याळाच्या आकड्याशी बांधलेला नाही, तो ज्या भूमीवर श्रावक उभा आहे तेथील सूर्याशी बांधलेला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथे घड्याळे एक तास पुढे केली जातात. सूर्य मात्र आपल्याच गतीने चालतो. म्हणून हिवाळ्यात कठीण वाटलेले व्रत उन्हाळ्यात सहज पार पडते.

चातुर्मासाचे तसे नाही. त्याचा आरंभ आणि समाप्ती तिथीने ठरते, परंतु त्यामागचे कारण ऋतूत आहे. पावसाने भूमी जीवांनी भरून जाते, त्यांची विराधना टळावी म्हणून विहार थांबतो. मेलबर्नमध्ये पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. सर पडून गेली की ओल्या पदपथावर गोगलगायी येतात आणि उन्हाळ्यात माश्या अंगाभोवती घोंघावतात. म्हणजे कार्तिकात चातुर्मास संपला तरी जपून पाऊल टाकण्याचे दिवस संपत नाहीत. तिथी घरच्या पंचांगातून पाळावी आणि यतना डोळ्यांसमोरच्या भूमीकडे पाहून करावी, अशी दुहेरी जबाबदारी परदेशातील श्रावकावर येते.

सणांची चवही बदलते. अक्षय तृतीयेला घरी उन्हाने जीव कासावीस होत असताना उसाचा रस गोड लागतो. मेलबर्नला त्या वेळी शरद ऋतूची पाने गळत असतात. पर्युषण येते ते हिवाळा सरताना. संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ मात्र कोणत्याही ऋतूत तेच राहते.

मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी सामानात मसाले आणि खाकरे भरतानाच तेथील सूर्योदय-सूर्यास्ताचे वर्षभराचे कोष्टकही द्यावे. त्याची एक प्रत घरातही ठेवावी. जूनमध्ये मेलबर्नचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. दुकानात साडेबाराची वेळ झाली की तेथे दिवस मावळायला काही मिनिटेच उरतात. ‘जेवलास का?’ हे विचारायचे असेल, तर फोन त्याआधी व्हायला हवा.