स्थूलतेवर भाकरीचा उतारा, पण कोंड्यासकट

हिंगोली - एकेकाळी मराठवाड्यात खरिपाचे प्रमुख पीक असलेली ज्वारी सोयाबीनच्या रेट्यात मागे पडली. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही आज सोयाबीन, कापूस आणि वसमत परिसरातील हळदीसाठीच ओळखला जातो. शिवारातून ज्वारी आटली, तशी ताटातली भाकरीही. तिकडे घटलेले श्रम आणि वाढलेले तेल-साखर यांमुळे स्थूलता व मधुमेह हे दुखणे केवळ महानगरांचे राहिले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. सुमारे 40 टक्के प्रौढांना पोटाच्या स्थूलतेने ग्रासले आहे.

दाण्यात काय असते?

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात : कोंडा, अंकुर आणि पिठाळ गर. मैदा किंवा पांढरा तांदूळ तयार करताना पहिले दोन बहुतांशी निघून जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम व गव्हाच्या कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतुमय घटक असतात. मैदा व पांढऱ्या तांदळात ते 3 ग्रॅमहूनही कमी असतात. म्हणजे खरा भेद ज्वारी आणि गहू यांच्यात नसून अख्खे धान्य आणि कोंडा काढलेले धान्य यांच्यात आहे.

तंतूंमुळे पचन संथ होते, रक्तातील साखर एकदम उसळत नाही आणि पोट अधिक काळ भरलेले राहते. काही तंतू पित्ताम्लांना बांधून शरीराबाहेर नेतात, त्यामुळे कोलेस्टेरॉल घटण्यास मदत होते. 'द लॅन्सेट'मध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले. त्यासाठी दिवसाला 25 ते 29 ग्रॅम तंतू पुरेसे ठरतात.

भाकरी म्हणजे जादू नव्हे

ज्वारीतही 100 ग्रॅममागे सुमारे 330 उष्मांक असतात. त्यामुळे पोळी-भाताच्या जोडीला भाकरी वाढवून वजन उतरणार नाही. भाकरी त्यांच्या जागी यायला हवी. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकणेही टाळावे. 'मल्टिग्रेन' बिस्किटांच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव मैद्याचे असेल, तर फसू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषधे परस्पर बंद करू नयेत.

शेजारच्या परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. बियाणे आहे, चवही ओळखीची आहे. भाकरीला ताटात पुन्हा जागा देणे एवढेच आपल्या हाती उरते.