तळेघरच्या अंधारात म्यूऑन दिसतो का?

पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजलेल्या लाकडांवर मंद हिरवट उजेड देणारी बुरशी उगवते. तळेघर गाव मागे टाकून पुढे गेले की लागणाऱ्या या अरण्याची ती आता एक ओळखच झाली आहे. हा उजेड खरोखर बाहेरचा आहे का, हे तपासायचे तर डोळे मिटावेत. बुरशीचा उजेड त्याच क्षणी नाहीसा होतो. पण डोळे मिटल्यावरही न जाणारा, उलट तेव्हाच नीट जाणवणारा एक उजेड आहे. 1969 साली अपोलो 11 च्या मोहिमेत अंधारलेल्या यानात बझ ऑल्ड्रिन यांना मिटल्या डोळ्यांत चमका दिसल्या. पुढच्या मोहिमांतल्या अंतराळवीरांनी मुद्दाम लक्ष ठेवले, तेव्हा त्यांनाही ठिपके, रेघा आणि ढगासारखे पुंजके दिसले. अंधाराला डोळे सरावल्यावर साधारण दर तीन मिनिटांनी एक चमक, असा अनुभव होता. ही चमक भासाची नाही, डोळ्यातून आरपार जाणाऱ्या कणांची आहे, हे आज निश्चित सांगता येते. मात्र त्यावरून जमिनीवरच्या माणसाने आपल्या अंधारातल्या प्रत्येक चमकेचा संबंध आकाशाशी जोडणे चूक ठरेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिला आक्षेप उघड आहे: थकलेल्या, ताणाखालच्या माणसांना काहीही दिसू शकते. बंद पापणीवर बोट दाबले तरी रंगीत वर्तुळे दिसतातच. पण पुरावा अंतराळवीरांच्या शब्दावर थांबलेला नाही. बर्कलीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी स्वतःच्याच डोळ्यांवर मोजून-मापून कणांचे झोत सोडले आणि झोत आला तेव्हा चमक दिसली. स्कायलॅब या अंतराळस्थानकात तर पृथ्वीभोवती फिरताना दक्षिण अटलांटिकवरच्या, अडकलेल्या कणांची दाटी असलेल्या पट्ट्यातून यान गेले की चमकांची संख्या वाढत असे. मनाच्या खेळाला यान कोणत्या महासागरावर आहे हे कळण्याचे कारण नाही. आणि सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे 1952 सालीच शास्त्रज्ञ कॉर्नेलियस टोबायस यांनी अंतराळात असे काही दिसेल, हे आधी सांगून ठेवले होते. माणूस अवकाशात जायला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता.

मग हा उजेड तयार होतो कसा? एक वाट मराठी वाचकाला ट्रॉम्बेमुळे परिचित असावी. 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे सुरू झालेल्या अणुभट्टीच्या पाण्यात जो निळा प्रकाश दिसत असे, त्यावरूनच तिला अप्सरा हे नाव मिळाले. तो चेरेन्कोव्ह प्रकाश. पाण्यात प्रकाशाचा वेग पोकळीतल्या वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. विद्युतभारित कण त्याहून वेगाने पाण्यातून गेला, तर डिंभे धरणाच्या जलाशयात वेगाने जाणाऱ्या नावेमागे जशी पाण्याची तिरकी लाट उठते, तशी प्रकाशाची लाट त्याच्याबरोबर निघते. बुबुळामागची पोकळी भरणारा काचद्रव जवळजवळ पाणीच आहे. तिथेही हेच घडते. 2020 साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी किरणोपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यातून बाहेर पडणाऱ्या या प्रकाशाची प्रत्यक्ष छायाचित्रे टिपली. डोळ्यात प्रकाश निर्माण होतो का, हा वाद त्या दिवशी संपला.

सगळ्या चमका याच वाटेने येतात, असे मात्र नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत 2023 पासून प्रोटॉन किरणोपचार होतात. अशा यंत्रातल्या प्रोटॉनची ऊर्जा 230 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जाते. डोळ्यात चेरेन्कोव्ह प्रकाश उमटवण्यासाठी प्रोटॉनला साधारण 475 दशलक्ष लागतात. म्हणजे हा प्रोटॉन स्वतः तो प्रकाश देऊच शकत नाही. तरीही परदेशातल्या प्रोटॉन केंद्रांत डोळ्याजवळचे उपचार घेताना रुग्णांनी चमका दिसल्याचे सांगितले आहे. बर्कलीतही चेरेन्कोव्हच्या मर्यादेखालच्या मंद कणांनी चमका दाखवल्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर क्ष-किरण आणि रेडियम हाताळणाऱ्यांनाही अंधारात उजेडाची छटा जाणवत असे. तेव्हा दुसरी वाट मान्य करावी लागते: कण दृष्टिपटलातूनच जातो आणि तिथल्या पेशींना थेट उत्तेजित करतो. प्रकाश न येताही प्रकाश दिसतो.

आता तळेघरचा प्रश्न. वातावरणात उंचावर अवकाशातून येणारे विश्वकिरण आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. स्थिर असताना त्यांचे आयुष्य सेकंदाच्या दोन-दशलक्षांश भागाइतके. एवढ्यात ते जमीन गाठू शकत नाहीत. वेगामुळे असे आयुष्य लांबले पाहिजे, हे 1938 मध्ये होमी भाभांनी दाखवले होते. म्हणूनच ते खाली पोहोचतात, आणि जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. डोळ्याचा व्यास 2.4 सेंटिमीटर धरला तर एकेका डोळ्यातून मिनिटाला चार-पाच. बहुतेकांचा वेग चेरेन्कोव्हला पुरेसा असतो. मग उताणे पडून अमावास्येच्या रात्री डोळे मिटले की सतत चमका का दिसत नाहीत?

हा आक्षेप सगळ्यात मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर आकड्यांत आहे. काचद्रवातल्या एका सेंटिमीटरच्या वाटेवर म्यूऑन दृश्य प्रकाशाचे सुमारे दोनशे फोटॉन सोडतो. डोळाभर वाटेत चार-पाचशे. ते चाळीस अंशांहून मोठ्या कोनात पसरतात, दृष्टिपटलाच्या विस्तीर्ण भागावर विखुरतात आणि त्यातले थोडेच शोषले जातात. 1942 मध्ये हेश्ट, श्लेर आणि पिरेन यांनी दाखवले, की चमक जाणवायला एका छोट्याशा ठिपक्यात पाच ते चौदा फोटॉन जवळजवळ एकदमच शोषले जावे लागतात. ही कडक अट गैर नाही. दृष्टिपटलातल्या सुमारे बारा कोटी दंडपेशी केवळ शरीराच्या उष्णतेने अधूनमधून आपोआप चाळवतात. एकेकट्या संकेताला मेंदूने दाद दिली, तर अंधार कधी अंधार राहणार नाही. म्यूऑन या उंबरठ्यावर चाचपडतो. 1962 मध्ये डार्सी आणि पोर्टर यांनी म्यूऑन दिसल्याचे नोंदवले, ते अशक्य नव्हे. पण रोजच्या अनुभवाचे नाही.

अंतराळात वेगळे चित्र दिसते, ते तिथल्या जड अणुकेंद्रकांमुळे. चेरेन्कोव्ह प्रकाश विद्युतभाराच्या वर्गाने वाढतो. कार्बनचा भार सहा, तर त्याच वेगाला प्रकाश छत्तीस पट. लोखंडाचा सव्वीस, तर पावणेसातशे पट. थेट उत्तेजनही तसेच वाढते. ही केंद्रके तळेघरपर्यंत पोहोचत नाहीत, वातावरण त्यांचे आधीच तुकडे करते. म्हणून अंतराळवीराला दर तीन मिनिटांनी चमक, आणि आपल्याला मिनिटाला नऊ-दहा म्यूऑन दोन्ही डोळ्यांतून जाऊनही शांत काळोख.

या हिशेबाचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. जमिनीवर बसल्या जागी चमक दिसली, तर विश्वकिरण हे तिचे जवळजवळ कधीच कारण नसते. वाढत्या वयात काचद्रव आकसून दृष्टिपटलाला ओढ देतो, तेव्हा अशाच चमका दिसतात; पटल फाटण्याची ती पहिली सूचना असू शकते. अर्धशिशीतही उजेडाच्या रेघा येतात. अचानक चमका सुरू झाल्या, बरोबर काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेच्या कडेला पडदा आल्यासारखे झाले, तर तळेघरपासून मंचर किंवा पुणे लांब आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवा. सुटलेले दृष्टिपटल लवकर जोडले तर नजर वाचू शकते.